बोजा उतरवताना



वसईच्या शेतकऱ्याला 'बोजा' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. सेवा सोसायटीचे कर्ज काढले, की सातबाराच्या 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा चढतो. कर्ज फिटले, सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे नेऊन दिला, की बोजा उतरतो. केळी, पानवेल, फुले आणि भाजी पिकवणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी असे कितीतरी बोजे चढवले आणि उतरवले. आता वाड्या कमी झाल्या, इमारती वाढल्या. पीककर्जाची जागा वीस वर्षांच्या गृहकर्जाने घेतली आणि फ्लॅटचा करारनामा बँकेच्या तिजोरीत जाऊन बसला. बोजा मात्र राहिलाच.

घरभेटीला गेलो असता अनेक कुटुंबे आम्हांला एक प्रश्न विचारतात. कोणाला बोनस मिळालेला असतो, कोणाचा मुलगा आखातातून पैसे पाठवत असतो, कोणाच्या वाटणीचे चार पैसे आलेले असतात. "फादर, हे पैसे ठेवून देऊ, की कर्जात भरून टाकू? हप्त्यापेक्षा जास्त भरले तर कर्ज लवकर संपेल ना?" प्रश्न पैशाचा आहे, तो बँकेच्या माणसाला विचारावा, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. एखादे कुटुंब वीस वर्षे काय खाते, काय टाळते, कोणासाठी थांबते आणि कोणाला थांबवून ठेवते, हे बऱ्याच अंशी त्या हप्त्यावर ठरते. तेव्हा हा प्रश्न श्रद्धेचाही आहे. या रविवारी त्याचा थोडा विचार करू या.

पवित्र शास्त्र काय सांगते?

कर्ज काढणे हे पाप आहे, असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही. उलट गरजू बांधवाला हात आखडता न घेता उसने द्यावे, असे अनुवादाच्या १५ व्या अध्यायात सांगितले आहे आणि मागणाऱ्याला पाठ दाखवू नये, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले आहे. उसने देणे हे पुण्य असेल, तर उसने घेणे पाप कसे होईल? पाप आहे ते फेडायची ऐपत असून न फेडण्यात. स्तोत्र ३७ मध्ये दुष्ट माणसाची एक खूण अशी दिली आहे की, तो उसने घेतो आणि परत करीत नाही.

मात्र कर्ज हे बंधन आहे, हे शास्त्राने लपवलेले नाही. नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायात ऋणको हा धनकोचा दास होतो, असे स्पष्ट सांगितले आहे. नहेम्याच्या ५ व्या अध्यायातील प्रसंग तर आजच्या वर्तमानपत्रातला वाटावा. दुष्काळ पडलेला, वर राजाचा कर. लोकांनी धान्यासाठी आपली शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. काहींवर पोटची मुले दास्यात देण्याची पाळी आली होती. आणि धनको कोण? परके नव्हे, त्यांचेच भाऊबंद. नहेम्याने सभा भरवली, श्रीमंतांना सर्वांदेखत जाब विचारला आणि शेते, मळे, घरे, शिवाय घेतलेले व्याज त्याच दिवशी परत करायला लावले. घर गहाण पडले, की माणसाची मान खाली जाते, हे त्या देवमाणसाला कळत होते.

तेव्हा कर्ज लवकर फेडून मोकळे व्हावे, ही आपली इच्छा चांगली आहे. ती लोभातून आलेली नाही. संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात सांगतो की, कोणाचे काही देणे लागू नका, एकमेकांवरील प्रेमाचे देणे तेवढे राहू द्या. या वाक्याच्या दुसऱ्या भागाकडे आपण पुढे येणारच आहोत.

हप्त्याचे गणित

आधी गणित समजून घेऊ, कारण न समजता घेतलेला भार दुप्पट वाटतो. समजा, एका जोडप्याने ३० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले आणि व्याजदर साडेआठ टक्के धरला. मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते ते फक्त ४,७८५ रुपयांचे. पहिली काही वर्षे हप्ता भरूनही कर्ज हलत नाही, अशी तक्रार आपण करतो, तिचे कारण हे आहे. दर तोच राहिला, तर वीस वर्षांत एकूण साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरावे लागतात, म्हणजे ३० लाखांवर व्याजच साडेबत्तीस लाखांच्या घरात जाते.

आता याच जोडप्याने दरवर्षी एक हप्ता जास्त भरला, बाराच्या ऐवजी तेरा, तर कर्ज सव्वातीन वर्षे आधी संपते आणि सहा लाखांहून अधिक व्याज वाचते. वेळेलाही फार महत्त्व आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख रुपये जादा भरले, तर शेवटचे सुमारे १८ हप्ते कमी होतात. तेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले, तर सहा हप्तेही कमी होत नाहीत. भात लावायचा तो पहिल्या पावसात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

काही गोष्टी ठाऊक असाव्यात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल बँकांनी दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली ठरवून दिले. दर ठरावीक असलेल्या कर्जाला दंड असू शकतो, म्हणून करारनामा वाचावा. जादा रक्कम भरताना बँकेला लेखी कळवावे की, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला, तर लाभ बराच घटतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत लांबली. निवृत्तीनंतरही हप्ता चालू राहणार, हे काही जणांच्या उशिरा लक्षात आले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी भरायची, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. वर्षातून एकदा तरी आपल्या कर्जाचे विवरणपत्र मागवून नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावे, अशी आमची विनंती आहे. कर्ज दोघांच्या सहीने होते, पण किती शिल्लक आहे हे अनेक घरांत एकालाच ठाऊक असते.

"आयकरात सवलत मिळते, मग कर्ज कशाला फेडायचे?" असेही काही जण म्हणतात. वीस टक्के कर भरणाऱ्याला व्याजाच्या शंभर रुपयांमागे वीस रुपयांची सवलत मिळते, तीही मर्यादेपर्यंत आणि जुन्या करपद्धतीतच. नव्या पद्धतीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर ती मिळत नाही. वीस रुपये वाचवण्यासाठी शंभर रुपये देत राहणे हा काही शहाणपणा नव्हे.

घरात थोडे तेल राहू द्या

असे असले, तरी हाती आलेला प्रत्येक रुपया कर्जात भरावा, असे आम्ही सांगणार नाही. २ राजे या ग्रंथाच्या ४ थ्या अध्यायात एका विधवेची कथा आहे. नवरा देवाला भिऊन वागणारा होता, पण कर्ज ठेवून वारला. धनको तिच्या दोन मुलांना दास म्हणून न्यायला आला. घरात तेलाच्या एका कुपीशिवाय काही नव्हते. अलीशा संदेष्ट्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले. दार लावून घेऊन ती तेल ओतत गेली आणि शेवटचे भांडे भरेपर्यंत तेल थांबले नाही. मग अलीशाने सांगितले की, तेल विकून कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू आणि तुझी मुले गुजराण करा.

अलीशाने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या: आधी कर्ज फेडायचे आणि मग उरलेल्यावर जगायचे. मुलांच्या तोंडचे तेलही धनकोला देऊन टाक, असे तो म्हणाला नाही. बँकेत एकदा भरलेले पैसे अडीअडचणीला परत मागता येत नाहीत. नोकरी गेली, घरात दुखणे आले, तर बँक असे म्हणत नाही की, तुम्ही मागे जास्त भरले होते, आता सहा महिने हप्ता नको. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवावेत. आरोग्य विमा बंद करून कर्ज फेडू नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर आधी ती फेडावी, कारण तिचा दर गृहकर्जाच्या कितीतरी पट असतो. आणि गृहकर्ज लवकर फेडतो म्हणून सोने गहाण टाकून लग्नाचा बार उडवायचा, याला फेडणे म्हणत नाहीत. एका खिशातला बोजा दुसऱ्या खिशात जातो, एवढेच. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा लूकच्या १४ व्या अध्यायातील प्रभूचा दृष्टान्त शिष्यत्वाविषयी आहे. पण ज्याला घरखर्चाचाही हिशेब बसून करता येत नाही, तो शिष्यत्वाचा हिशेब कसा करणार?

आधी कोणाचे?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या विधवेच्या कथेत आणखी कोणाचे तरी देणे होते. शेजाऱ्यांची भांडी. शास्त्रात लिहिलेले नाही, पण ती तिला परत करायची होतीच. धनको दारात उभा होता, म्हणून त्याचे देणे सर्वांना दिसत होते. शेजारणी दारात आल्या नव्हत्या.

आपल्या घरांचेही तसेच आहे. बँक घराच्या किमतीतला ठरावीक भाग देते, उरलेला आपण उभा करायचा असतो. तो कोठून आला होता, हे जरा आठवा. कोणाच्या बहिणीने बांगड्या गहाण टाकल्या होत्या. कोणाच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून दिले होते. कोणाचा भाऊ वाडीत राबत राहिला आणि आपली वाटणी मागायची त्याने लांबणीवर टाकली. याला ना कागद, ना सही, ना व्याज. बँकेचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. बहिणीच्या बांगड्यांची आठवण करून द्यायला कोणी येत नाही. ती नाताळला घरी येते, कुसवार घेऊन येते, हसून जाते आणि विषय काढत नाही. तिने विषय काढला नाही, म्हणजे देणे फिटले असे नाही.

संत थॉमस अ‍ॅक्वायनस या थोर तत्त्वज्ञाने देण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक कायद्याने बांधलेले देणे आणि दुसरे नीतीने बांधलेले देणे. पहिले चुकवले, तर न्यायालयात खेचता येते. दुसरे चुकवले, तर कोणी खेचत नाही, पण माणूस चांगला राहत नाही. थॉमसने ज्याला गुरू मानले तो ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात असाच प्रश्न विचारतो. सामान्यतः आधी देणे फेडावे, मग मित्राला मदत करावी, हे त्याला मान्य आहे. पण तो एक पेच मांडतो. एखाद्याला दरोडेखोरांच्या हातून कोणी पैसे भरून सोडवले. आता एकीकडे त्या सोडवणाऱ्याचे देणे आहे आणि दुसरीकडे आपला बाप दरोडेखोरांच्या ताब्यात आहे. आधी काय करावे? अरिस्टॉटल म्हणतो, आधी बापाला सोडवावे. ख्रिस्तजन्माच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीचा हा माणूस, दहा आज्ञा त्याने ऐकलेल्या नव्हत्या. तरी आईबापांच्या ऋणाची पूर्ण फेड कोणाला होत नाही, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

आमच्या सांगण्याचा चुकीचा अर्थ घेऊ नका. बँकेचा ठरलेला हप्ता चुकवावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. करार पाळणे आणि देणी फेडणे ही न्यायाची मागणी आहे, असे कॅथॉलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथातही, २४११ व्या परिच्छेदात, सांगितले आहे. ठरलेला हप्ता हे बँकेचे देणे आहे, तो तारखेला गेलाच पाहिजे. परंतु हप्त्याच्या वर जे आपण भरतो, ते भरण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. ती रक्कम आपल्या हातची आहे. त्या रकमेवर पहिला हक्क कोणाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आईच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला आहे आणि मुलगा म्हणतो, "आई, यंदा थांब, दोन लाख कर्जात भरायचे आहेत, पुढल्या वर्षी बघू." मुलाच्या गणितात काहीच चूक नाही. पण मार्कच्या ७ व्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांवर कशासाठी संतापला, ते वाचून पाहा. आईबापांना द्यायचे धन 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे एकदा म्हटले, की त्यांना काही द्यायला नको, अशी पळवाट त्यांनी काढली होती. देवाचे नाव पुढे करूनही आईबापांचे देणे टाळता येत नाही, असे जर प्रभू म्हणतो, तर बँकेचे नाव पुढे करून ते कसे टाळता येईल? कर्जमुक्ती ही चांगली गोष्ट आहे, आणि चांगल्या गोष्टीचाच कुर्बान करता येतो.

तसेच घरकाम करणाऱ्या बाईचा पगार, वाडीतल्या मजुराची मजुरी, गवंड्याची राहिलेली बाकी. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे संत याकोब आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात लिहितो. बँकेला मुदतीआधी देणारा माणूस मजुराला मुदतीनंतर देत असेल, तर त्याच्या हिशेबाच्या वहीत काहीतरी उलटे लिहिले गेले आहे.

आणि मुलांचेही देणे आहे. वडील सकाळी सहाची गाडी पकडतात, सुटीच्या दिवशीही जादा काम घेतात, कर्ज दहा वर्षांत संपवायचे म्हणून. संपतेही. तोवर मूल पाचवीतून पंधरावीला गेलेले असते. त्या दहा वर्षांच्या संध्याकाळी कोणतीही बँक परत देत नाही. थोडे सावकाश फेडले, तर चालेल. सहा लाखांऐवजी चार लाख व्याज वाचेल, पण घरात रात्रीची प्रार्थना सर्व मिळून होईल.

ज्यांना हप्ताच जड जातो

हे वाचताना काही जण मनात म्हणत असतील, "फादर, जास्त भरायचे राहू द्या, इथे हप्ताच भरवत नाही." त्यांच्यासाठी आम्हांला मनापासून लिहायचे आहे.

हप्ता थकला, म्हणजे आपण पापी झालो नाही आणि समाजातून उठलोही नाही. नोकरी जाते, धंदा बसतो, आजार येतो. अशा वेळी लाजेने फोन बंद करून बसू नका. स्वतः बँकेत जा, परिस्थिती लेखी सांगा, मुदत वाढवून किंवा हप्त्याची फेररचना करून घेता येते का, ते विचारा. एक कर्ज फेडायला मोबाइलवरून झटपट मिळणारे दुसरे कर्ज घेऊ नका. वसुलीच्या माणसांनी धमकावू नये, नातेवाइकांसमोर अपमान करू नये, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. तसे कोणी करीत असेल, तर निमूटपणे सोसू नका. आणि मनात काळे विचार येऊ लागले, तर रात्री-अपरात्री केव्हाही आमचे दार ठोठवा. घर बँकेकडे गेले, तर दुसरे घर मिळेल. आपण गेलात, तर आपल्या लेकरांना दुसरा बाप किंवा दुसरी आई मिळणार नाही.

ख्रिस्तसभेने या दुःखाकडे कधी पाठ फिरवलेली नाही. इटलीतील पेरुजिया येथे १४६२ साली फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी अल्प व्याजाची गहाणपेढी सुरू झाली. आपल्या वसईतही १९१८ साली कॅथॉलिक समाजाने पतपेढी काढली, तिचीच पुढे सहकारी बँक झाली. सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये, म्हणून आपल्या वाडवडिलांनी थोडे थोडे पैसे एकत्र केले. तेव्हा कर्ज हा एका घराचा खासगी प्रश्न मानला जात नव्हता. आजही आपल्या प्रभागात कोणाचा हप्ता अडला असेल, तर कुजबुज न करता दोन-तीन घरांनी मिळून एक हप्ता भरायला काय हरकत आहे? ज्यांना दरवर्षी तेरावा हप्ता भरता येतो, त्यांनी एखाद्या वर्षी तो शेजाऱ्याचा पहिला थकलेला हप्ता म्हणून भरून पाहावा. व्याज थोडे वाढेल. स्वर्गातल्या वहीत काय लिहिले जाईल, त्याचा दर आम्हांला ठाऊक नाही.

बोजा उतरल्यावर

शेवटी एक दिवस कर्ज संपते. त्या दिवशीही थोडे काम असते. बँकेकडून कर्ज संपल्याचा दाखला घ्या आणि घराची मूळ कागदपत्रे एकेक पान तपासून परत घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत कागदपत्रे परत करावीत आणि आपल्या चुकीने उशीर केल्यास बँकेने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हाउसिंग सोसायटीच्या दप्तरातील बँकेची नोंद काढून घ्या. जमीन असेल, तर सातबारावरचा बोजा उतरवून नवा उतारा हाती घ्या. फेडूनही बोजा तसाच राहिला, तर पुढे वाटणीच्या वेळी मुलांना त्रास होतो.

आणि मग? दरमहा २६,००० रुपये मोकळे झाले. त्यांचे काय करायचे, हे कर्ज संपण्याआधीच घरात बसून ठरवा, नाहीतर मोठी गाडी दुसऱ्याच महिन्यात दारात येऊन उभी राहते आणि नवा बोजा चढतो. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात पन्नासावे वर्ष ज्युबिलीचे सांगितले आहे. त्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या वतनाला आणि आपापल्या कुळाकडे परत जावे, अशी देवाची आज्ञा होती. जमीन मोकळी झाली, की माणसाने माणसांकडे परत जायचे. अनुवादाच्या १५ व्या अध्यायात सातव्या वर्षी दासाला मोकळे करताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातले, खळ्यातले आणि द्राक्षकुंडातले द्यावे, असे सांगितले आहे आणि कारणही दिले आहे: तूही एकदा दास होतास. जो मोकळा झाला, त्याने मागे राहिलेल्याची आठवण ठेवावी. पहिल्या दोन-तीन मोकळ्या हप्त्यांतून बहिणीच्या बांगड्या सोडवा. एक हप्ता अशा घराला द्या, ज्यांचे कर्ज अजून संपलेले नाही.

म्हणून येत्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एका रात्री प्रार्थनेनंतर दोन याद्या कराव्यात, असे आम्ही सुचवतो. पहिल्या यादीत कागदावर असलेली देणी लिहावीत: बँकेचे किती, सोसायटीचे किती, दर काय, मुदत किती. दुसऱ्या यादीत कागदावर नसलेली देणी लिहावीत: आईबापांचे, भावा-बहिणींचे, मजुरांचे, अडचणीच्या वेळी धावून आलेल्या शेजाऱ्यांचे. मग हाती आलेले जादा पैसे दोन्ही याद्या समोर ठेवून वाटावेत. दुसरी यादी कोरी राहिली, तर पुन्हा आठवून पाहा. बहुतेक घरांत ती पहिलीपेक्षा लांब असते.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण रोज म्हणतो. तीत आपण अपराधांची क्षमा मागतो. संत मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्या ठिकाणी 'ऋण' या अर्थाचा शब्द आहे. आपण ज्यांचे देणे लागतो आणि जे आपले देणे लागतात, त्या सर्वांची नावे रोज एकदा देवासमोर येतात. मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील चाकराला राजाने अफाट कर्ज माफ केले आणि बाहेर पडताच त्याने सोबत्याचा शंभर नाण्यांसाठी गळा धरला. आपले एवढे मोठे ऋण प्रभूने क्रुसावर फेडून टाकले आहे. उरलेली लहान ऋणे आपण न्यायाने, क्रमाने आणि प्रेमाने फेडू या.

दयाळू पिता आपल्या घरांवरचे बोजे हलके करो, कामाला यश देवो, आणि देण्याघेण्यात आपले हात स्वच्छ राखो.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू